भक्षकमुक्त बेट आणि गावचा माळ

न्यूझीलंड देशात ऑकलंड शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर टिरिटिरी मातांगी नावाचे २२० हेक्टरांचे बेट आहे. शेतीसाठी तेथील बहुतेक रान पूर्वी तोडले गेले होते. १९८४ पासून दहा वर्षे स्वयंसेवकांनी तेथे अडीच लाखांवर झाडे लावली आणि १९९३ मध्ये बेटावरील उंदीर नाहीसे करण्यात आले. आता लोक आखलेल्या पायवाटांनी हिंडून दुर्मीळ पक्षी जवळून पाहतात. १९४८ मध्ये पुन्हा सापडेपर्यंत नामशेष समजला गेलेला, उडता न येणारा टाकाहे पक्षीही तेथे नांदतो.

उंदरांस एवढे महत्त्व का, असे मुले विचारतील. त्या देशात वटवाघळांखेरीज जमिनीवरचे सस्तन प्राणी मूळचे नव्हते. त्यामुळे कित्येक पक्षी निर्धास्तपणे जमिनीवर अंडी घालीत. पुढे माणसाबरोबर उंदीर, मांजरे व कुत्री आली आणि त्या पक्ष्यांचा निरुपाय झाला. म्हणूनच बेटावर जाणाऱ्यांच्या पिशव्या व बूट तपासले जातात, कुत्र्यास प्रवेश नसतो आणि पायवाट सोडू दिली जात नाही.

चाकण, महाळुंगे, कुरुळी या भागांतील माळांचे असे बेट करता येणार नाही, आणि करूही नये. मुंगूस, साप, घार हे येथले मूळचे रहिवासी होत. त्यांच्या सहवासातच टिटवी जगत आली आहे. ती उघड्या मुरमावर तीन-चार ठिपकेदार अंडी घालते. ती अंडी खड्यांत मिसळून जातात, आणि कोणी जवळ आल्यास ती ओरडून त्याच्या अंगावर झेपावते.

परंतु भटक्या कुत्र्यांची गोष्ट वेगळी आहे. रानातले भक्ष्य घटले की रानातले भक्षकही घटतात. कुत्री मात्र माणसाने टाकलेल्या उष्ट्यावर जगतात. म्हणून माळावरची अंडी संपली तरी त्यांची संख्या घटत नाही. कारखान्यांमुळे माळ आक्रसत असता हा भार थोड्या घरट्यांवर पडतो. कुत्र्यांस दगड मारून हा प्रश्न सुटत नाही. उष्टे उघड्यावर न टाकणे हाच त्याचा आरंभ होय.

शिक्षकांनी पुढीलप्रमाणे व्यवस्था ठेवावी. शाळेतील पोषण आहाराचे उरलेले अन्न खड्ड्यात टाकून मातीने झाकावे. शिवारफेरीसाठी एकच पायवाट ठरवावी व सकाळीच निघावे. मार्च ते ऑगस्ट हा टिटवीचा विणीचा काळ असल्याने त्या दिवसांत विशेष जपावे. टिटवी ओरडू लागताच घरटे जवळ आहे असे समजून सर्वांनी मागे फिरावे. कारण उन्हात ती फार वेळ दूर राहिल्यास अंडी तापून नासतात. घरट्यापाशी खूण रोवू नये आणि अंड्यांस हात लावू नये. अंडी काढणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे.

फेरीहून परतल्यावर दिनांक, ठिकाण व पक्ष्याचे वर्तन मुलांकडून वहीत लिहवून घ्यावे. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी जमल्या म्हणजे आपल्या माळावर टिटवीची पिले वाढतात की नाही, हे मुलांनाच सांगता येईल.