बडे, दहा मिनिटांत

गेल्या महिन्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, बडं पटकन कसं करायचं गं? कुकर न लावता?"

मला आधी हसूच आले. बडे आणि पटकन हे दोन शब्द आमच्या घरात कधी एकत्र आलेच नाहीत. आमच्याकडे मराठवाड्यात बडे म्हणजे रविवार. सकाळी आणायचे, धुवायचे, हळद-मीठ लावून कुकरला आठ-दहा शिट्ट्या द्यायच्या, मग कांदा, खोबरे, येसूर घालून रटरटू द्यायचे. दुपारचे दोन वाजल्याशिवाय ताट हाती येत नसे. पण लेक कुकर का नको म्हणते ते लगेच लक्षात आले. ती दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहते. घर देताना मालकांनी जात विचारली नाही. हल्ली तशी विचारत नाहीत. "नॉनव्हेज खाता का?" एवढेच विचारले. मुलींनी "कधीतरी अंडी" असे सांगून घर मिळवले. आता आठ शिट्ट्या आणि भाजलेल्या मसाल्याचा वास जिन्यातून वर गेला, तर अंड्याचे म्हणून कोण ऐकणार?

मी तिला म्हणाले, "थांब, मी येते आणि करून दाखवते." कारण तिला हवे होते ते मला येत होते. चायनीजच्या गाडीवर कोबी-सिमला मिरची ज्या पद्धतीने मोठ्या आचेवर परततात, तीच पद्धत. ती मूळची चीनची. इंग्रजीत तिला आज जो शब्द रूढ आहे, तो बुवेई यांग चाओ या चिनी डॉक्टर बाईंनी १९४५ साली आपल्या पाककृतींच्या पुस्तकात घडवला. सगळे बारीक कापायचे, जाळ मोठा ठेवायचा आणि हात थांबवायचा नाही. सरपण कमी लागते आणि वेळही. गंमत अशी की त्या देशातही अनेक राजवटींनी नांगराच्या बैलाच्या कत्तलीवर बंदी घातली होती. पण त्यावरून माणसांची शिवाशीव ठरली नाही.

आता मुद्द्याचे. आपले बडे तासभर का शिजवावे लागते? आपल्या बायकांना दुसरे येत नव्हते म्हणून नव्हे. जनावर जेवढे म्हातारे आणि राबलेले, तेवढे त्याच्या स्नायूंना बांधणारे तंतू घट्ट होतात. ते विरघळायला पाणी आणि वेळ दोन्ही लागतात. गावकीत आपल्या वाट्याला काय येत होते? राबून राबून मेलेला बैल, भाकड होऊन पडलेली म्हैस. ओढून न्यायचे काम आपले, म्हणून मांसही आपले. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले आणि गावोगाव लोकांनी ते सोडले. पण ताजे विकत आणू लागलो तरी परवडत होते ते हाडाचे, मानेचे, नळीचे, नाहीतर वजडी. कवळा तुकडा हॉटेलात जातो, परदेशात जातो. भारत म्हशीच्या मांसाच्या मोठ्या निर्यातदार देशांपैकी एक आहे आणि निर्यातीला परवानगी आहे ती बिनहाडाच्या मांसालाच. हाडे इथे राहतात. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून महार-मांगांच्या ताटाची जी नोंद केली, ती वाचताना मला सारखे वाटत होते की आपली चव या उरलेल्या तुकड्यांतून घडली आहे. ती चव कमी नाही. पण ती निवडलेली नव्हती.

म्हणून लेकीला पहिली गोष्ट शिकवली ती तुकडा मागण्याची. दुकानात "अर्धा किलो द्या" म्हणायचे नाही, "अंडरकट द्या" म्हणायचे. पाठीच्या कण्याखालचा हा लांबट तुकडा. या स्नायूला काम कमी, म्हणून तो मऊ. तो नसेल तर मांडीचा बिनहाडाचा सलग तुकडा. आणखी एक. पहाटे कापलेले मांस काही तासांतच ताठरते आणि आपण नेमके तेव्हाच ते चुलीवर चढवतो. एक रात्र फ्रीजमध्ये ठेवले तर पुष्कळ मऊ पडते. कापायच्या आधी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवावे. जरा टणक झाले की सुरी सरळ चालते.

कापणे हेच खरे काम. मांसाचे धागे कोणत्या दिशेने गेलेत ते डोळ्यांनी दिसते. त्यांना आडवे कापायचे, दोन रुपयांच्या नाण्याहून थोडे जाड. धाग्याच्या बाजूने कापले तर कितीही परता, दातात दोऱ्या येणार. माझी माय चान्या करायची तेव्हा तिचा हात पाहावा, इतके पातळ काप दोरीवर वाळत घालायची. पातळ कापणे आपल्याला चीनकडून शिकायची गरज नव्हती.

काप केले की अर्धा चमचा खाण्याचा सोडा दोन चमचे पाण्यात कालवून चोळायचा आणि वीस मिनिटे ठेवायचे. सोड्यामुळे मांसातली प्रथिने आवळत नाहीत, पाणी धरून ठेवतात. मग स्वच्छ धुऊन घट्ट पिळून घ्यायचे, नाहीतर साबणासारखी चव येते. (आमच्या आज्या कच्ची पपई लावायच्या. काम तेच, पण पपई जास्त वेळ राहिली तर वरून लगदा होतो.) त्यानंतर एक चमचा सोया सॉस, एक चमचा कॉर्नफ्लोअर, काळी मिरी आणि थोडे तेल लावून ठेवायचे. मीठ घालायचे नाही, सोया सॉस खारटच असतो.

भाज्या आधीच चिरून ताटात मांडून ठेवायच्या, कारण एकदा गॅस पेटला की चिरायला वेळ नाही. कांदा, गाजर, फरसबी, सिमला मिरची, कोबी. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवायची. शेंगदाण्याचे तेल दोन चमचे. मांस दोन वेळा, अर्धे अर्धे टाकायचे. लेकीने सगळे एकदम टाकले आणि कढईत पाणी सुटले. परतणे राहिले बाजूला, उकडणे सुरू झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा केले. अर्धे टाकले, मिनिटभर हलवले नाही, मग दीड मिनिट परतले, काढून ठेवले. मग ठेचलेला लसूण, आले, हिरवी मिरची, लगेच गाजर-फरसबी, दोन मिनिटांनी बाकीच्या भाज्या. त्या कुरकुरीत असतानाच मांस परत घालायचे. अर्धा कप पाण्यात दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि चिमूटभर साखर मिसळून ओतायचे. एक मिनिट. झाले. आचेवरचा सगळा वेळ दहा-बारा मिनिटे. सोया सॉस नको असेल त्यांनी काळे तिखट आणि लिंबू वापरावे. मी घरी तसेच करते.

हे केवळ जिभेचे कौतुक नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. बड्यातले लोह अंगी लागते, आणि सोबत घेतल्यास भाजीतले लोहही जास्त शोषले जाते. अशा देशात कमी पैशांत मिळणारे लोह ताटातून हाकलण्याचा खटाटोप चालतो.

कायद्याचेही नीट माहीत असावे. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला आधीपासून बंदी होतीच. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीच्या मांसावर बंदी नाही. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. माणूस घरात काय खातो हा त्याच्या खासगीपणाचा भाग आहे, हे तत्त्व त्यात आले. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये इगतपुरीजवळ रेल्वेत एका वृद्धाला गोमांसाच्या संशयावरून मारहाण झाली. ते म्हशीचे मांस आहे असे सांगत होते. नुसत्या डोळ्यांनी म्हैस की बैल हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून लेकीला सांगितले, परवानाधारक दुकानातूनच घे आणि पावती जपून ठेव. हे सांगताना जिभेवर कडवट आले. पालेभाजीची पावती कोण जपते?

काही धम्मबांधव पत्र लिहितील की बौद्धांनी मांस खाऊच नये. न खाणाऱ्याने खुशाल खाऊ नये. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत केलेला भेद वाचून मग लिहावे. आणि 'द अनटचेबल्स' हे त्यांचे १९४८ चे पुस्तकही. कधीकाळी गोमांस कोण कोण खात होते, ते त्यात सविस्तर आहे.

पुण्यात दुसऱ्या दिवशी कढई तापली तेव्हा लेक उठली आणि तिने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. मी काही बोलले नाही. वसाहतीत राहत असताना दर रविवारी कुकर लावायच्या आधी मीच तिला सांगायचे, "खिडकी लाव गं." नवऱ्याच्या कचेरीतले लोक शेजारी होते. घरात बाबासाहेबांचा फोटो दर्शनी भिंतीवर आणि मटणाचा वास मात्र कोंडलेला. आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही इतकी वर्षे.

तिच्या मैत्रिणींपैकी एक लातूरची, मराठा घरातली. तिने कढईत डोकावून विचारले, "हे काय आहे?" लेकीने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "बडं आहे. म्हशीचं. खाणार?" ती थोडी थांबली, भाज्या आणि रस्सा भातावर घेतला, मांस बाजूला ठेवले. तिसरी मुलगी मात्र दोनदा वाढून घेऊन गेली. उरलेले दुसऱ्या दिवशी पोळीत गुंडाळून छान लागते. लेकीने ते डबीत भरून ठेवले. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये उघडायचे की नाही, ते सकाळी ठरवते म्हणाली.