लक्षणांची वाट पाहू नये

कामगारांच्या बैठकांतून आम्ही ह्या विषयावर बोलू लागलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "माणसाकडे पाहून हा रोग ओळखता येतो काय?" व्याख्यानास येणाऱ्या नागरिकांच्या मनातही तोच प्रश्न असणार, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. ओळखता येत नाही. डॉक्टरांनाही नुसते पाहून ओळखता येत नाही. लक्षणांची माहिती जरूर असावी. परंतु लक्षण दिसेल तेव्हा तपासून घेऊ, असे जो मनाशी ठरवितो त्याची हातची वर्षे निघून जातात.

आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते वाचून आणि सरकारी रुग्णालयांतील समुपदेशकांना विचारून विचारून. त्यामुळे आम्हांला समजले त्याच भाषेत सांगतो.

एच.आय.व्ही. हा विषाणू आणि एड्स ही त्याच्यामुळे पुष्कळ काळाने येणारी अवस्था. दोन्ही एकच, असा समज सर्वत्र आढळतो आणि त्यापायीच माणसे भिऊन तपासणीस जात नाहीत. आपल्या रक्तात सी.डी.-४ नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. शरीरात रोगजंतू शिरला की बाकीच्या पेशींना हाक देऊन कामाला लावणे, हे त्यांचे काम. एच.आय.व्ही. नेमका ह्याच पेशींत घुसतो. बाहेरच्या माणसाने कारखान्यात शिरावे, तिथल्याच यंत्रांवर, तिथल्याच विजेवर स्वतःचा माल काढावा आणि शेवटी कारखानाच मोडीत काढावा, तसा हा प्रकार आहे. निरोगी माणसाच्या रक्तात, एका घन मिलिमीटरमध्ये, ह्या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या म्हणजे त्या अवस्थेला एड्स म्हणतात.

हा विषाणू असुरक्षित समागमातून, दूषित रक्तातून वा सुईतून आणि आईकडून मुलाला जातो. एका कपातला चहा, शेजारी बसून घेतलेली भाकरी, एकच संडास, डास, ह्यांतून जात नाही. ह्यावर अधिक शब्द खर्च करीत नाही.

लक्षणांचे पहिले पर्व लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत येते. ताप, घसा धरणे, अंग मोडून येणे, अंगावर पुरळ, मानेत किंवा काखेत अवधाण, रात्री घाम, क्वचित तोंड येणे. पुष्कळांना ह्यांतले काहीच होत नाही. ज्यांना होते त्यांना ते हवापालटाचे दुखणे वाटते. कामगार दोन गोळ्या घेतो, एखादा खाडा पडतो, तिसऱ्या दिवशी तो पाळीवर हजर असतो. आठवड्या-दोन आठवड्यांत सारे आपोआप बरे होते. वस्तुतः ह्याच दिवसांत रक्तात विषाणू उदंड असतो आणि दुसऱ्याला लागण होण्याचा संभव फार मोठा असतो. शिवाय चाचणी शोधते ती मुख्यतः विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये, आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून शंकेच्या प्रसंगानंतर लगेच केलेली चाचणी निर्दोष आली तरी तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते.

त्यानंतर येते ती शांतता. औषध न घेतल्यास सरासरी आठ-दहा वर्षे माणूस धडधाकट दिसतो, ओझी उचलतो, लग्न करतो, मुले होतात. आत मात्र गळती चालूच असते. ही शांतताच सर्वांत घातक, असे आमचे मत आहे.

मग उशिराची लक्षणे सुरू होतात. महिनाभर न हटणारा ताप, महिनाभर चालणारे जुलाब, कारणावाचून उतरलेले वजन, जिभेवर व टाळूवर पांढरा थर, तरुण वयात निघालेली नागीण, आणि आपल्या देशात सर्वांत जास्त आढळणारा क्षय. ह्यांतले प्रत्येक लक्षण दुसऱ्या दहा कारणांनी होऊ शकते. रात्रपाळी करणाऱ्याचे वजन एरवीही उतरतेच! म्हणून लक्षणावरून निदान करू नये. लक्षण हे फक्त चाचणीला जाण्याचे निमित्त समजावे. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची एच.आय.व्ही. चाचणी व्हावी, असे सरकारचे धोरण आहे, ते ह्याचसाठी.

"लवकर कळून काय उपयोग? चिंताच वाढायची." असे म्हणणाऱ्यांचा राग आम्हांला येत नाही, कारण एके काळी ते खरे होते. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देशातील पहिल्या लागणी शोधून काढल्या, तेव्हा ह्यावर कामाचे औषध नव्हते. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याचा उपाय सापडला, पण त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या वर. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे एका आंतरराष्ट्रीय सेवासंस्थेला वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केला. पुढेही बरीच वर्षे सी.डी.-४ पेशी ठरावीक आकड्याखाली उतरेपर्यंत औषध थांबवून ठेवीत. २०१५ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने सिद्ध केले की, वाट न पाहता औषध सुरू केलेल्यांत गंभीर आजार व मृत्यू निम्म्याहून कमी होतात. २०१७ पासून आपल्याकडेही निदान झालेल्या प्रत्येकाला उपचार मिळतो. आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती आयुष्यभर, न चुकता घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. नऊ देशांतील १७६३ जोडप्यांवर एक अभ्यास झाला. त्यात पुणे आणि चेन्नई येथील जोडपीही होती. लवकर औषध घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली, असे २०११ साली जाहीर झाले. रक्तातला विषाणू औषधाने मोजता न येण्याइतका दबला आणि दबलेला राहिला, तर समागमातून लागण होत नाही, हे आज मान्य झालेले आहे. आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका उपचाराविना १५ ते ४५ टक्के असतो. उपचाराने तो ५ टक्क्यांच्या आत येतो. पुष्कळदा घरात पहिली चाचणी गरोदर बाईचीच होते, आणि रोग नवऱ्याने आणलेला असला तरी पहिला ठपका तिच्यावर बसतो. हा अन्याय आम्ही अनेक घरांत पाहिला आहे.

आता आमच्या माणसांच्या भीतीविषयी. कामगार सुईला भीत नाही, मुकादमाला भीतो. चाचणी म्हणजे नोकरी गेली, हे त्याने धरलेलेच असते. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी कामगाराच्या दाव्यात निकाल दिला की, जो काम करण्यास समर्थ आहे त्याला केवळ एच.आय.व्ही. आहे म्हणून कामावरून दूर ठेवता येणार नाही. पुढे २०१७ चा कायदा झाला; तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे माणसाच्या जाणत्या संमतीवाचून चाचणी करता येत नाही, नोकरीसाठी चाचणीची अट घालता येत नाही, अहवाल परस्पर मालकाला देता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे.

कायदा चांगला आहे; तथापि तो आपोआप चालत नाही. एका ठेकेदाराने भरतीच्या रक्ततपासणीत ही चाचणी गुपचूप घुसविली होती. आम्ही संमतीचे कागद मागितले, तेव्हा ती थांबली. कंत्राटी माणसाला तर कारणच सांगत नाहीत. "उद्यापासून येऊ नको," एवढेच म्हणतात. म्हणून आम्ही सांगतो की, अहवाल मुकादमाला दाखवू नका, तो मागण्याचा त्याला अधिकार नाही.

चाचणी सरकारी रुग्णालयांतील आय.सी.टी.सी. केंद्रात मोफत होते. आधी समुपदेशक बोलतो, मग थोडे रक्त घेतात; अहवाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. पहिल्या चाचणीत दोष दिसला तरी वेगवेगळ्या तीन चाचण्या जुळल्यावाचून लागण झाली असे ठरवीत नाहीत. जवळचे केंद्र १०९७ ह्या मोफत दूरध्वनीवर कळते. नुकताच धोक्याचा प्रसंग घडला असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठावा. २८ दिवसांचे प्रतिबंधक औषध असते, आणि ते जितके लवकर सुरू होईल तितके बरे. उपचार चालू असलेल्याने कामासाठी गाव बदलताना आपल्या ए.आर.टी. केंद्रातून बदलीचा कागद घेऊन निघावे, म्हणजे नव्या ठिकाणी गोळी एक दिवसही चुकत नाही.