सिलिंडर घरात आला, पण चूल का विझत नाही?

केंदूर हे शिरूर तालुक्याच्या पश्चिमेकडचं दुष्काळी पट्ट्यातलं गाव. मस्तानीची कबर असलेलं पाबळ त्याच्या शेजारी, आणि शिक्रापूर-सणसवाडीचे कारखानेही फार लांब नाहीत. या भागात आज बहुतेक घरांच्या ओट्यावर गॅसची शेगडी दिसते. पण मागच्या दारी किंवा न्हाणीजवळ नजर टाकली तर चूलही दिसते, आणि तिची राख गरम असते. चहा, भाजी, सहरीच्या वेळची घाईची पोळी गॅसवर. भाकऱ्या, अंघोळीचं पाणी आणि पाहुणे आले की मोठं पातेलं चुलीवर. मुलाणी, तांबोळी, आतार, शेख अशी आपल्या लोकांची घरं असोत की शेजारची मराठा-धनगर घरं, या बाबतीत फरक फारसा नाही.

सरकारी हिशेबात मात्र अशा घरात 'स्वच्छ इंधन' पोहोचलेलं असतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या शहरी घरांपैकी ८९.७ टक्के घरं स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती, तर ग्रामीण घरांपैकी फक्त ४३.२ टक्के. गॅस आणि चूल दोन्ही वापरणारं घर अशा पाहणीत एकाच रकान्यात बसतं. त्या घरातल्या बाईच्या छातीत मात्र दोन्हींचा हिशेब जमा होत असतो.

धुरात नेमकं काय असतं? डोळ्यांत पाणी आणतो तो धूर आपल्याला दिसतो. खरा त्रास देतात ते न दिसणारे सूक्ष्म कण, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते चोवीस तासांच्या सरासरीने एका घनमीटर हवेत असे कण १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. आपल्या देशाची मर्यादा ६० आहे. बंद स्वयंपाकघरात गोवऱ्या-लाकडं पेटली की हा आकडा सहज शेकड्यांत जातो. कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या अंगावर यंत्रं लावून हे मोजलं होतं. त्याआधी प्रदूषण म्हटलं की कारखान्याचं धुराडंच लोकांच्या डोळ्यांसमोर यायचं.

पुणे जिल्ह्यालाही हा विषय नवा नाही. शिरूर तालुक्यातल्याच वढू बुद्रुकला केईएम रुग्णालयाचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प वर्षानुवर्षं चालू आहे. पुण्याजवळच्या २२ खेड्यांतल्या एका पाहणीत फुप्फुसाचा चिवट, दम लागणारा आजार (डॉक्टर ज्याला सीओपीडी म्हणतात) झालेल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी विडी-सिगारेट ओढलेली नव्हती. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हाच मुद्दा जगापुढे मांडला: धूम्रपान न करणाऱ्यांच्या या आजारामागे चुलीचा धूर हे मोठं कारण आहे. आपल्याकडे मात्र आजीचा खोकला 'वयाचा' म्हणून सोडून दिला जातो. मोतीबिंदूचंही तसंच. लहान मुलांचा न्यूमोनिया, हृदयविकार, पक्षाघात हेही याच धुराशी जोडलेले आहेत. घरातल्या अशा प्रदूषणाने जगात वर्षाला सुमारे ३२ लाख मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आता कोणी म्हणेल, अर्धा स्वयंपाक गॅसवर झाला म्हणजे अर्धा धोका टळलाच की. दुर्दैवाने तसं होत नाही. ग्वाटेमालात पाचशेहून अधिक घरांवर केलेल्या अभ्यासात काही घरांना धुराडं असलेली सुधारित चूल दिली गेली. बाळांच्या अंगावर येणारा धूर जवळपास निम्मा झाला. गंभीर न्यूमोनिया कमी झाला खरा, पण एकूण न्यूमोनियात ठोस म्हणावी अशी घट सिद्ध झाली नाही. कारण उरलेला निम्मा धूरही मर्यादेच्या कितीतरी वरच होता.

म्हणून प्रश्न जोडणीचा नाही, सिलिंडर परत भरण्याचा आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी बलियात सुरू झाली आणि आठ कोटी जोडण्यांचा टप्पा सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या औरंगाबादेत गाठला गेला. काम मोठं झालं, यात वाद नाही. पण उज्ज्वलाचं घर वर्षाला सरासरी चारच्या आसपास सिलिंडर घेतं. पाच माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर आठ-दहा लागतात. २०२५ मध्ये सिलिंडर साडेआठशेच्या घरात होता. उज्ज्वलाच्या घराला तीनशे रुपये परत मिळतात, पण ते नंतर, बँकेत. दारात गाडी उभी राहते तेव्हा पूर्ण रक्कम हातात हवी. रोजंदारीच्या घरात ती एकदम निघत नाही. बाभळीचं सरपण मात्र बाई डोक्यावरून आणते. तिच्या दोन-तीन तासांची किंमत कोणी धरत नाही, म्हणून सरपण 'फुकट' ठरतं. पैशाचा निर्णय ज्याच्या हातात, तो धुरात बसत नाही, हेही एकदा स्पष्ट बोललं पाहिजे.

राज्य सरकारने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत उज्ज्वला आणि लाडकी बहीण योजनेच्या पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत. अट अशी की गॅसची जोडणी बाईच्या नावावर हवी. आपल्या बऱ्याच घरांत ती सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असते आणि गाडी तिथेच अडते. एजन्सीत अर्ज करून घरातल्या घरात नाव बदलता येतं. त्यासोबत आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का, हेही बघून घ्यावं.

गाव सोडून रांजणगाव-सणसवाडीच्या खोल्यांत किंवा पुण्याच्या वस्तीत राहायला गेलेल्यांची अडचण वेगळी. तिथे सरपण विकत घ्यावं लागतं आणि दहा बाय दहाच्या खोलीत धूर जाणार कुठे? पत्त्याचा पुरावा नाही म्हणून जोडणी मिळत नसे. ऑगस्ट २०२१ पासून उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना स्वयंघोषणापत्रावर जोडणी मिळण्याची सोय झाली आहे. नुसत्या ओळखपत्रावर मिळणारा पाच किलोचा छोटा सिलिंडरही आहे, पण त्याला अनुदान नाही. म्हणजे सर्वात गरीब माणूस किलोमागे सर्वात महाग गॅस घेतो! मग टाकी चोरून भरून देणाऱ्यांचं फावतं, आणि त्यात स्फोटाचा धोका असतो.

शिवाय खोलीतला धूर खोलीत राहत नाही. भारताच्या हवेतल्या सूक्ष्म कणांपैकी साधारण चौथा हिस्सा घरगुती जळणातून येतो, असं २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. शहराच्या हवेची काळजी सुरू झाली की बोट आधी गरिबांच्या भट्टीकडेच जातं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. या धंद्यात आपली माणसं पुष्कळ आहेत. आदेशाचा हेतू योग्यच, कारण भट्टीपुढचा कारागीर तोच धूर सर्वात आधी गिळतो. पण भट्टी बदलण्याचा खर्च लहान बेकरीवाल्याने कुठून आणायचा, हे विचारणंही तितकंच योग्य आहे.

घरापुरतं बोलायचं तर सुरुवात अंघोळीच्या पाण्यापासून करावी. सगळ्यात जास्त लाकूड बंबात आणि पाण्याच्या चुलीत जातं. उन्हाळ्यात काळ्या रंगाच्या टाकीतलं किंवा अंगणात उन्हात ठेवलेलं पाणी पुरतं. डाळ आधी भिजवून कुकरला लावली, पातेल्यावर झाकण ठेवलं, की गॅसही जास्त दिवस पुरतो. भाकरी गॅसवर तशी होत नाही, ही तक्रार खरी आहे. जाड लोखंडी तवा आणि शेवटी आचेवर भाजण्यासाठी जाळी घेतली तर बरीच जमते. तरी चूल पेटवायचीच असेल तर ती छपराबाहेर, वाळलेल्या लाकडावर पेटवावी, आणि तान्हं बाळ त्या वेळी आईच्या कडेवर नसावं, दुसऱ्या कोणीतरी सांभाळावं. त्या 'दुसऱ्या कोणीतरी'त घरातले पुरुषही येतात.