परवाना आहे, तरी भाड्याची गाडी का मिळत नाही?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जायचे ठरले की हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या वस्त्यांत पहिला प्रश्न निघतो तो गाडीचा. चार-पाच मित्र वर्गणी काढतात. एकाकडे नुकताच मिळालेला परवाना असतो. मग स्वतः चालवायची गाडी भाड्याने शोधली जाते आणि कंपनीकडून उत्तर येते, ‘वय बसत नाही.’

हा नकार कशासाठी? मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 4 प्रमाणे खासगी मोटार चालवायला 18 वर्षे पूर्ण लागतात. पण व्यवसायासाठी नोंदवलेले, म्हणजेच परिवहन वाहन 20 वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. भाड्याने द्यायची मोटार याच प्रकारात येते. त्यावर कंपन्या आपली अट घालतात. अनेक ठिकाणी किमान वय 21 असते, महागड्या गाडीला त्याहून जास्त, आणि परवानाही काही काळ जुना मागतात. नवख्या चालकाच्या अपघाताची जोखीम त्यांना नको असते.

खरा धोका यानंतर सुरू होतो. कंपनी नाही म्हणाली की ओळखीतल्या कोणाची तरी पांढऱ्या पाटीची गाडी रोख पैसे देऊन घेतली जाते. पांढरी पाटी म्हणजे खासगी वाहन. परमिट नसताना ते भाड्याने चालवले तर कलम 192-अ नुसार पहिल्या गुन्ह्यालाच 10,000 रुपये दंड आणि 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमाही खासगी वापरापुरताच असतो. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, किंवा जखमीला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मागणी न्यायालयात करू शकते. मोलमजुरीवर किंवा दोन एकरांवर चालणारे घर एवढा बोजा कसा पेलणार?

चालवणारा 18 वर्षांखालील असेल, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होतो. त्या मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

म्हणून गाडी घेण्याआधी पाटी पाहा. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. नोंदणी, परमिट आणि विम्याची मुदत तपासा. करार लेखी करा. करारात ज्याचे नाव आहे, त्यानेच गाडी चालवावी. मोठ्या भावाच्या नावावर गाडी घेऊन धाकट्याने चालवणे, ही पळवाट अपघाताच्या दिवशी उघडी पडते.

वय बसत नसेल, तर वर्गणीतून चालकासह पिवळ्या पाटीची गाडी करा, नाहीतर एसटी किंवा रेल्वेने जा. दीक्षाभूमीला गेलेली पोरे सुखरूप घरी परतली पाहिजेत.

जय भीम.