‘ओई’ला काय टाकू?

प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयाच्या आवारात ओपन इलेक्टिव्हविषयी, म्हणजे ‘ओई’विषयी, एकच सल्ला फिरतो: मार्क सहज पडतील ते टाक, ओईला कोण विचारतं! हा पहिला गैरसमज. राज्य शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयानुसार ओईला १० ते १२ श्रेयांक आहेत आणि विषय मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, विद्याशाखेबाहेरूनच घ्यायचा आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. म्हणजे ओई राहिला की पदवी राहिली.

विद्याशाखेचीही एक गंमत आहे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात शाखा चारच, आणि कायदा हा विषय मानव्यविद्येत मोडतो. इतिहासही तिथलाच. त्यामुळे इतिहास मेजर असलेल्या मुलीने सायबर कायद्यावर खूण करण्याआधी महाविद्यालयाची यादी नीट पाहावी.

‘कायदा घेतला की निम्मा वकील’ असंही काहींना वाटतं. तसं काही होत नाही. वकिलीसाठी एलएल.बी., सनद आणि बार कौन्सिलची परीक्षा लागतेच. पण कायद्याचा खरा उपयोग वकील न होणाऱ्यालाच जास्त आहे, असं माझं मत. समजा, तुम्ही एका दुकानदाराला ठरावीक रकमेत वेबसाइटचा कोड लिहून दिला. कोड कोणाचा? ‘पैसे दिले त्याचा’, असं दहापैकी नऊ जण सांगतील. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या लेखी संगणकाचा प्रोग्राम ही ‘साहित्यकृती’ आहे. तुम्ही दुकानदाराचे नोकर नसाल आणि लेखी, सहीनिशी हक्क दिले नसतील, तर कॉपीराइट तुमचाच राहतो. लेखी करारात मुदत लिहायची राहिली, तर हक्क पाचच वर्षांसाठी दिले असं धरतात. प्रदेश लिहायचा राहिला, तर भारतापुरते. लग्नाच्या फोटोंचं मात्र उलट. वेगळा करार नसेल, तर पैसे मोजून फोटो काढून घेणारा त्यांचा पहिला मालक ठरतो, फोटोग्राफर नव्हे! शिवाय कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही. कृती तयार झाली की हक्क जन्मतो. चित्र काढणाऱ्याला आणि कोड लिहिणाऱ्याला इतकं ठाऊक असायलाच हवं, आणि दोन श्रेयांकांच्या, तीस तासांच्या ओईत ते सहज बसतं.

तीस तास कसे? लेखी विषयाच्या एका श्रेयांकाला १५ तास, प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३०. म्हणजे दोन श्रेयांकांची प्रात्यक्षिक डिजिटल कला ६० तास मागते. ‘चित्रं काढायची, मजा आहे’ म्हणत ती घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. महागडं सॉफ्टवेअर लागतं, ही भीती मात्र खोटी आहे. क्रिटा, इंकस्केप, ब्लेंडर फुकट मिळतात. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ ब्लेंडरमध्येच बनला.

प्रोग्रामिंगबद्दलची ‘गणित कच्चं आहे, जमणार नाही’ ही धास्तीही सोडून द्या. पायथनच्या सुरुवातीच्या धड्यांना शाळेतलं अंकगणित आणि चिकाटी पुरते. शंभर विद्यार्थ्यांच्या हजेरीची यादी आपोआप लावणारा प्रोग्राम वाणिज्य शाखेची मुलगीही लिहू शकते.

‘आमच्याकडे शिकवायलाच कोणी नाही’ ही तक्रार पुष्कळदा खरी असते. अशा वेळी ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाचा पर्याय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून करता येतात. मात्र विद्यापीठाची मंजुरी आधी घ्यावी लागते.

तेव्हा फॉर्म भरण्यापूर्वी विषयाच्या नावावर जाऊ नका. विभागातून अभ्यासक्रमाची प्रत मागून घ्या, श्रेयांक लेखी आहेत की प्रात्यक्षिक ते पाहा आणि मगच खूण करा.