फिलिपाचा सवाल

परपुरुषाबरोबर सापडलेल्या बायकोला जिवंत जाळायचं, असा इटलीतल्या प्रातो गावचा कायदा. फिलिपाला तिच्या नवऱ्यानंच पकडलं आणि कोर्टात खेचलं. पळून जा, निदान कबूल तरी करू नकोस, असं आपल्या माणसांनी परोपरीनं सांगितलं. तिनं ऐकलं नाही. न्यायाधीशासमोर तिनं सगळं मान्य केलं आणि उलट विचारलं, हा कायदा करताना एका तरी बाईचं मत घेतलं होतं का?

मग तिनं नवऱ्याकडून वदवून घेतलं, की तिनं त्याला कधीच नाही म्हटलेलं नाही. त्याचं मन भरूनही जे उरतं, ते काय कुत्र्यांपुढे टाकायचं? जमलेला गाव हसून लोटपोट झाला. फिलिपा सुटली आणि कायदाही बदलला: यापुढे शिक्षा फक्त पैशासाठी नवऱ्याला फसवणारीला.

ही गोष्ट इटालियन लेखक बोकाचिओच्या ‘डेकॅमेरॉन’मधली. १३४८च्या प्लेगमध्ये फ्लॉरेन्स सोडून गेलेल्या सात तरुणी आणि तीन तरुण एकमेकांना शंभर गोष्टी सांगतात. गोष्टींचा सातवा अख्खा दिवस नवऱ्यांना चकवणाऱ्या बायकांचा. पुस्तक बोकाचिओनं घरात कोंडलेल्या, प्रेमात झुरणाऱ्या स्त्रियांसाठी लिहिलं, असं तो सुरुवातीलाच सांगतो. त्याची ही आस्था मनापासूनची वाटते.

अशा गोष्टींना जमीन होती ती तिथल्या लग्नांची. १४२७च्या करनोंदींनुसार फ्लॉरेन्समध्ये मुलीचं लग्न साधारण अठराव्या वर्षी होई आणि नवरा तिशीचा असे. सोयरीक दोन घराण्यांची, ठरवणार वडीलधारे. हुंड्याचं ओझं एवढं, की १४२५मध्ये नगरानंच त्यासाठी ठेव योजना काढली. मुलीच्या मनाचा प्रश्नच कुठे येत नव्हता.

प्रत्यक्षात मात्र फिलिपासारखी सुटका प्रत्येकीच्या वाट्याला येत नसे. त्याच १४२५ साली फेराराचा सत्ताधीश निकोलो तिसरा यानं आपली तरुण बायको पारिसिना आणि तिच्यावर प्रेम करणारा आपलाच मुलगा उगो, दोघांचीही मुंडकी उडवली. उगो त्याचा अनौरस मुलगा. अशी कितीतरी मुलं निकोलोला होती, पण त्याबद्दल त्याला जाब विचारणारं कुणी नव्हतं. पुढं कथाकार बांदेल्लोनं सोळाव्या शतकात ही हकिकत कथेत आणली.

खुद्द बोकाचिओचं पुस्तकही सुटलं नाही: चर्चनं १५५९मध्ये ‘डेकॅमेरॉन’वर बंदी घातली. १५७३मध्ये शुद्ध केलेली आवृत्ती निघाली, तेव्हा रंगेल पाद्री आणि जोगिणींच्या जागी साधे संसारी लोक आले. नवऱ्याला फसवणाऱ्या बायका मात्र पुस्तकात राहिल्या.