भुर्जीला पाणी का सुटतं?

इंजिनिअरिंगला आल्यावर माणूस तीन गोष्टी हमखास शिकतो. असाइनमेंट उतरवणे, व्हायवात गप्प बसणे आणि उपाशीपोटी कॉलेज गाठणे! यातली तिसरी गोष्ट मी सोडली, ती नाइलाजाने.

झालं असं, की आईची सकाळची ड्युटी सुरू झाली आणि पिंप्राळ्याच्या आमच्या घरात सकाळचा नाश्ताच बंद पडला. एक दिवस धाकट्या भावाला शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर आली. मग मी ठरवलं, नाश्ता आपण करायचा. घरात मेथीची जुडी होती, अंडी होती, रात्रीची कळण्याची भाकरी होती. म्हटलं, भुर्जी काय, कोणीही करेल!

ताटलीत हिरवं पाणी आणि त्यात तरंगणारे अंड्याचे तुकडे. भाऊ म्हणाला, "दादा, ही भाजी आहे का सूप?" आणि पुन्हा उपाशीच गेला. संध्याकाळी आई एवढंच म्हणाली, "आधी मेथीचं पाणी आटू दे रे, मंग अंडं टाक."

विचार केला तेव्हा कळलं, पाणी दोन ठिकाणांहून येतं. पहिलं पाल्यातून. पालेभाजीत वजनाच्या जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. मीठ लागलं की ऑस्मोसिसने ते बाहेर येतं. कढईत पाणी आहे तोवर भाजी १०० अंशांच्या वर फारशी जातच नाही, म्हणजे ती परतली न जाता उकडते. दुसरं पाणी अंड्यातून. अंड्यातलं प्रोटीन साधारण ६२ ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट होऊ लागतं आणि त्याची जाळी तयार होते. आच जास्त झाली की ही जाळी आवळते आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकते. आपण कपडे पिळतो ना, तसंच!

तर आता कृती (दोघांसाठी):

१) ठेचा : तव्यावर थोड्या तेलात ५-६ हिरव्या मिरच्या, ८ लसूण पाकळ्या, जिरे आणि दोन चमचे शेंगदाणे भाजा. गॅस बंद करून मीठ घाला आणि तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडा.

२) मेथी : एक छोटी जुडी निवडून, धुऊन, निथळून चिरा. कढईत दीड-दोन चमचे तेलात कांदा परता, मग मेथी आणि चिमूटभर मीठ. मीठ इथेच घालायचं, म्हणजे पाणी आधीच सुटतं आणि कडूपणाही कमी लागतो. मोठी आच, झाकण नाही. झाकण ठेवलं तर वाफ परत खाली पडते. ४-५ मिनिटांत खदखद थांबून तेलाचा चर्र आवाज येतो. हाच सिग्नल!

३) आता हळद आणि ठेचा घालून मिनिटभर परता. मिरचीतलं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, म्हणून तिखट सगळीकडे सारखं लागतं. (जास्तच झालं तर पाणी पिऊन उपयोग नाही, ताक प्या.)

४) अंडी : आच मंद करा. फेटलेली चार अंडी ओता, वीस सेकंद हात लावू नका, मग हलक्या हाताने उलटवा. पातळ अंडं दिसेनासं झालं, पण भुर्जी अजून मऊ आहे, तेव्हाच गॅस बंद. उरलेलं काम गरम कढई करते.

एकूण वेळ वीस मिनिटं. मेथी रात्रीच निवडून ठेवली तर त्याहून कमी. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रोटीन असतं, त्यामुळे दोन अंडी आणि भाकरी खाऊन निघालं की मधल्या सुट्टीपर्यंत चिंता नाही.

आता भाऊ भाकरीने कढई पुसून घेतो. परवा विचारत होता, "दादा, परीक्षेच्या दिवशी पण करशील ना?"

त्याच्या परीक्षेच्या की माझ्या, हे काही मी विचारलं नाही!